स्पॅनिशमधलं 'केदा' : उरतं, थांबतं, पडतं, शोभतं, ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करत स्पॅनिश शिकतात आणि बोगोतातल्या (कोलंबियाची राजधानी) एका महिला क्लायंटबरोबर त्यांचं रोजचं बोलणं असतं. वर्गात 'केदा' म्हणजे 'उरतं, शिल्लक राहतं' असं शिकवलं. मग ऑफिस लांब आहे हे सांगताना 'केदा लेखोस', शर्ट छान दिसतोय म्हणताना 'ते केदा ब्येन', मीटिंग संपताना 'केदामोस एन एसो' आणि जवळजवळ प्रत्येक मेलच्या तळाशी 'केदो आतेन्ता' असं का? एका क्रियापदाचे एवढे अर्थ कसे, आणि ते पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतो आणि दुभाष्याचं कामही करतो. या क्रियापदाशी आपल्या विद्यार्थ्यांचं जे अडतं, त्याचं मूळ स्पॅनिशमध्ये फार थोडं आहे. ते आहे इंग्रजीमार्गे शिकण्यात. पुस्तकं इंग्रजीत, कोश इंग्रजीत, आणि इंग्रजीला 'केदा'साठी सात-आठ वेगवेगळी क्रियापदं वापरावी लागतात. म्हणून आपल्यालाही वाटतं की हे सात-आठ वेगळे अर्थ आहेत. मराठीतून सरळ गेलात तर यातला निम्म्याहून जास्त भाग तुम्ही लहानपणापासून बोलत आला आहात. आपलं 'राहणे' हे क्रियापद 'केदार'च्या ('केदा'चं मूळ रूप) इतकं जवळचं आहे की कधी कधी वाक्य जसंच्या तसं नेता येतं. जिथे 'राहणे' कामाला येत नाही, तिथे बहुतेक वेळा 'पडणे' किंवा 'ठरणे' येतं. उरलेलं थोडं शिकावं लागतं, ते शेवटाकडे सांगतो.

आधी उच्चार. मूळ क्रियापद 'केदार'. लिहिल्यावर माणसाचं नाव वाटेल, पण बोलताना जोर 'दार'वर येतो. स्पेलिंगमध्ये क्यूनंतर यू आहे, तो उच्चारायचा नाही, म्हणून 'क्वेडा' म्हणू नका. 'द'सुद्धा मऊ आहे. जीभ दातांना नुसती लागून सुटते, तिथे 'ड' आला की ऐकणारा गोंधळतो. आणि जोर कुठे आहे याकडे फार लक्ष द्या, कारण 'के'वर जोर दिलेलं 'केदो' म्हणजे 'मी राहतो', आणि शेवटच्या स्वरावर जोर दिलेलं 'केदोऽ' म्हणजे 'तो राहिला, ती राहिली'. इथून पुढे शेवटी जोर असेल तिथे मी ऽ ही खूण लावतो.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. लॅटिन 'क्विएतारे' म्हणजे शांत करणं, निवांत करणं. इंग्रजीतलं 'क्वाएट' त्याच कुळातलं. जुन्या स्पॅनिशमध्ये 'केदो' हे विशेषणही होतं, शांत, संथ, हालचाल न करणारा अशा अर्थाचं, आणि साहित्यात ते अजून भेटतं. म्हणजे या क्रियापदाच्या पोटात 'हालचाल थांबली, आता जे आहे ते असं आहे' ही कल्पना आहे. पैसे खर्च होऊन थांबले, तेव्हा जे हातात आहे ते 'केदा'. चर्चा होऊन थांबली, तेव्हा जे हातात आलं ते 'केदा'. शर्ट अंगावर चढवून झाला, आता तो जसा दिसतो तसा 'केदा'. ही एक कल्पना मनात पक्की असली की नवं वाक्य कानावर पडलं तरी अर्थ लागतो.

या मुळाचा एक अवशेष तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. संचारबंदीला स्पॅनिशमध्ये 'तोके दे केदा' म्हणतात. 'तोके' म्हणजे घंटेचा किंवा नगाऱ्याचा इशारा, आणि 'केदा' म्हणजे इथे निवांत होणं, घराघरांत शांत होणं. ऑक्टोबर २०१९ मध्ये चिलीत आंदोलन पेटलं आणि सान्तियागोत संचारबंदी लागली, तेव्हा सगळ्या मथळ्यांत हाच शब्द होता. चिलीच्या लोकांच्या मनात त्याला हुकूमशाहीच्या काळातल्या रात्रींचीही आठवण चिकटलेली आहे. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर २०२० ला स्पेनमध्ये रात्रीची संचारबंदी आली, तेव्हा पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी हा शब्द टाळून 'रात्रीच्या हालचालींवर निर्बंध' असा शब्दप्रयोग सुचवला. लोक मात्र 'तोके दे केदा'च म्हणत राहिले. त्याच वर्षी स्पॅनिश बोलणाऱ्या जगात भिंतींवर, टीव्हीवर, फोनवर एकच वाक्य होतं, 'केदाते एन कासा', घरीच राहा. हे याच क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. स्पेन आणि मेक्सिकोत जोर 'के'वर होता, आर्खेन्तिनात 'दा'वर, कारण तिथे 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात आणि आज्ञार्थाचा जोर सरकतो. एकाच घोषणेत देश ओळखू यायचा.

आता 'राहणे' आणि 'उरणे'. 'मे केदान दोस दिआस', माझे दोन दिवस राहिलेत. 'क्वान्तो केदा?', अजून किती राहिलंय? हे बसमध्ये विचारतात, परीक्षेच्या हॉलमध्येही विचारतात. 'केदा काफे?', कॉफी आहे का शिल्लक? 'या नो केदा', संपली. शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. 'संपली' म्हणायला स्पॅनिश माणूस बऱ्याचदा 'आता उरत नाही' असं म्हणतो. दुकानात हे वाक्य सतत लागतं, आणि आपले विद्यार्थी तिथे 'संपणे'चं क्रियापद शोधत बसतात.

इथली नेहमीची चूक वचनाची. 'मे केदा दोस दिआस' असं कानावर येतं, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यात कर्ता 'मी' असतो. पण मराठीत आपण 'मी दोन दिवस उरलो' म्हणत नाही, 'माझे दोन दिवस उरले' म्हणतो. कर्ता दिवस आहेत. स्पॅनिशमध्येही तसंच. म्हणून दिवस दोन असले की 'केदान', एकच असला की 'केदा'. मराठी डोकं जागं ठेवलं तर ही चूक होणारच नाही. 'मला', 'तुला', 'त्याला' लावून अनुभव सांगायची सवय आपल्या भाषेत मुरलेली आहे. इंग्रजी भाषकाला ती मुद्दाम शिकावी लागते.

याच गटातली दोन वाक्यं तोंडात बसवून घ्या. 'नो मे केदा ओत्रा', माझ्यापुढे दुसरा इलाज उरला नाही. आणि 'केदा मूचो पोर आसेर', करायचं बरंच राहिलंय. 'केदा'नंतर 'पोर' आणि मूळ क्रियापद आलं की 'करायचं राहिलं', 'बघायचं राहिलं', 'ठरवायचं राहिलं' असं वाचा. प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये याचा रोज उपयोग आहे.

माणूस स्वतः थांबतो तेव्हा मात्र 'से' लागतं आणि क्रियापद 'केदार्से' होतं. 'मे केदो' म्हणजे मी थांबतो, मी इथेच राहतो, तुम्ही पुढे व्हा. 'आना से केदा', आना थांबते आहे. हे 'से', 'मे', 'ते' गाळलं तर अर्थ पार बदलतो. 'केदा आना' म्हणजे आता आना तेवढी उरली. 'आना केदा कोन लुईस' म्हणजे आना लुईसशी भेट ठरवते. थांबण्याचा संबंधच उरला नाही. म्हणून 'केदा' ऐकलं की आधी त्याच्या डाव्या हाताला काय आहे ते बघा, मग उजव्या हाताला. डावीकडे 'से' असलं तर थांबणं किंवा एखाद्या स्थितीत जाणं. 'मे, ते, ले' असलं तर 'मला, तुला, त्याला', म्हणजे उरणं, शोभणं, लांब पडणं यांपैकी काहीतरी. फक्त 'मे' आणि 'ते' दोन्ही कामं करतात, तिथे क्रियापद कोणाबद्दल आहे ते बघायचं. 'मे केदो'मध्ये थांबणारा मी, 'मे केदा'मध्ये उरणारी वस्तू दुसरीच. उजवीकडे 'कोन', 'एन', 'सिन', 'पोर' किंवा विशेषण यांतलं काय येतं, त्यावरून उरलेला अर्थ ठरतो. मी वर्गात कोश उघडायच्या आधी हे दोन हात बघायला लावतो, आणि बहुतेक वेळा कोशाची गरज पडत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मराठीत आपण म्हणतो, 'तो बघतच राहिला'. स्पॅनिशमध्ये 'से केदोऽ मिरान्दो'. शब्दाला शब्द. 'ती गरोदर राहिली', 'केदोऽ एम्बारासादा'. इथेही शब्दाला शब्द. लॅटिन अमेरिकेत हे असंच म्हणतात, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी 'से केदोऽ एम्बारासादा', म्हणजे 'से' लावून. (या विशेषणाचा 'लाजणे'शी काही संबंध नाही. इंग्रजीतल्या तशाच दिसणाऱ्या शब्दामुळे फसू नका.) 'इच्छा मनातच राहिली' याला 'मे केदेऽ कोन लास गानास'. शब्दशः, इच्छेसकट राहिलो. 'हे आपल्यातच राहू दे', 'के केदे एन्त्रे नोसोत्रोस'. आणि टॅक्सीवाल्याला 'सुटे राहू द्या' म्हणायचं असेल तर 'केदेसे कोन एल काम्ब्यो'. इंग्रजीतून गेलात तर या पाच वाक्यांना पाच क्रियापदं लागतील. मराठीत सगळीकडे 'राहणे'च आहे.

'सिन' म्हणजे 'शिवाय'. 'से केदोऽ सिन त्राबाखो', त्याची नोकरी गेली. 'मे केदेऽ सिन बातेरिआ', फोनची बॅटरी संपली. 'नोस केदामोस सिन लूस', आमच्याकडची लाइट गेली. आपण गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतो, स्पॅनिश माणूस मागे राहिलेल्या माणसाबद्दल बोलतो. इथे मराठी रचना नेता येत नाही. पण वर सांगितलेली मूळ कल्पना, थांबल्यावर उरलेली स्थिती, इथेही बरोबर लागू पडते. परीक्षेत काही आठवेनासं झालं तर 'मे केदेऽ एन ब्लान्को', डोकं कोरं झालं. डोळा लागला तर 'मे केदेऽ दोर्मीदो', बाई बोलत असेल तर 'दोर्मीदा'. सकाळच्या मीटिंगला उशीर झाल्यावर हे वाक्य लागतं, आणि तेव्हा 'झोपलो होतो'पेक्षा हेच म्हणा, कारण यात 'झोप लागून गेली, ठरवून झोपलो नाही' हा भाव आहे.

'राहणे'वर विसंबताना दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, वास्तव्याचं राहणं. 'मी पुण्यात राहतो' याला 'बीबो एन पुणे' म्हणायचं, तिथे 'केदार' चालत नाही. 'मे केदो एन पुणे' म्हटलं तर ऐकणारा समजेल की सगळे निघालेत आणि तुम्ही पुण्यातच थांबताय. मात्र चार दिवस हॉटेलात उतरला असाल तर 'मे केदो एन उन ओतेल' अगदी बरोबर. दुसरं, 'करत राहणे'. 'तो बोलत राहिला' म्हणजे बोलणं चालू ठेवलं, त्याला 'सिग्योऽ आब्लान्दो'. 'बघत राहिला'मध्ये माणूस जागच्या जागी थिजतो, म्हणून तिथे 'केदार्से'. 'मे केदेऽ त्राबाखान्दो' म्हणजे सगळे गेले तरी मी काम करत ऑफिसात थांबलो. थांबणं असेल तर 'केदार्से', नुसतं चालू ठेवणं असेल तर 'सेगीर'.

जागेबद्दल बोलताना मराठी 'पडणे' वापरते आणि स्पॅनिश 'केदा'. 'मे केदा लेखोस', मला लांब पडतं. यातलं 'मला'सुद्धा जागेवर आहे. 'मे केदा दे पासो', मला वाटेत पडतं. 'दोन्दे केदा एल बान्यो?', बाथरूम कुठे आहे? 'केदा आ दोस क्वाद्रास', दोन चौक पुढे. लॅटिन अमेरिकेत पत्ता विचारताना आणि सांगताना हे फार चालतं. स्पेनमध्ये 'एस्ता', म्हणजे 'आहे', जास्त ऐकू येतं, पण 'केदा' कुणाला खटकत नाही. एवढं लक्षात असू द्या की हे न हलणाऱ्या गोष्टींसाठी आहे. बँक, गाव, स्टेशन, घर यांच्यासाठी चालेल. टेबलावरचा फोन किंवा खोलीतला माणूस कुठे आहे, हे विचारताना 'एस्ता'च.

गोव्यातल्या ज्या घरांत वडीलधारी माणसं अजून पोर्तुगीज बोलतात, तिथल्या वाचकांना हे आणखी सोपं जाईल. पोर्तुगीजमध्ये 'फिकार' हे क्रियापद जवळजवळ हीच सगळी कामं करतं. थांबणं, उरणं, लांब पडणं, कपडा शोभणं, गरोदर राहणं, सगळं. मूळ वेगळं आहे, पण वाटा त्याच. ज्यांच्या कानात 'फिका' आहे त्यांनी 'केदा' त्याच जागी ठेवावं, क्वचितच चुकेल. एक फरक आहे. पोर्तुगीजमध्ये 'फिकार' वापरून 'दमलो', 'खूश झालो' असं सहज म्हणतात, स्पॅनिशमध्ये अशा ठिकाणी अनेकदा 'पोनेर्से' किंवा दुसरं क्रियापद येतं.

कपड्यांचं फार लांबवत नाही. 'ते केदा ब्येन', तुला छान दिसतंय, बसलंही छान. 'मे केदा ग्रान्दे', मला मोठं होतंय. लहान होत असेल तर लॅटिन अमेरिकेत 'मे केदा चीको'. इथे 'होतंय'च्या जागी 'केदा' ठेवायचं. लाक्षणिक अर्थानेही चालतं. 'एल प्वेस्तो ले केदा ग्रान्दे', ते पद त्याला झेपत नाही, म्हणजे अंगाला मोठं होतं. आवडलं आणि घ्यायचं ठरलं, की दुकानदाराला 'मे लो केदो', हे घेतो मी. स्पेनमधल्या दुकानात हे वाक्य ऐकून विक्रेत्याचा चेहरा खुलतो. 'विकत घेतो' असं तिथे कोणी सांगत बसत नाही.

आता 'ठरणे'. इथे स्पेन आणि लॅटिन अमेरिका वेगळे होतात, आणि बोगोताबरोबर काम करणाऱ्याला हा फरक माहीत हवा. स्पेनमध्ये 'केदामोस?' एवढंच विचारलं तरी अर्थ 'भेटायचं का?' 'केदामोस आ लास स्येते', सातला भेटू. 'नो प्वेदो, ए केदादो', नाही जमणार, माझं दुसरीकडे ठरलंय. कुणाशी ठरलंय हे न सांगताही वाक्य पूर्ण होतं आणि कुणी विचारत नाही. स्पेनमधली सामाजिक घडी या शब्दावर चालते. तिथे लोक सहसा एकमेकांना घरी बोलावत नाहीत, बारमध्ये किंवा चौकात भेटतात, आणि त्या भेटीसाठी हे क्रियापद आहे. लॅटिन अमेरिकेत भेटीसाठी 'नोस बेमोस' जास्त चालतं, आणि 'केदामोस'चा अर्थ मुख्यतः 'आपलं असं ठरलं' असा राहतो. 'केदामोस एन एसो', ठरलं तर मग. तुमच्या क्लायंटने मीटिंगच्या शेवटी हे म्हटलं की समजा, तिच्या दृष्टीने आता करार झालेला आहे. त्यानंतर 'पण' म्हणून नवा मुद्दा काढलात तर तिला ते खटकेल. म्हणून शंका त्याच्या आधी बोलून घ्या.

या रूपात एक गाठ आहे. 'केदामोस' हे वर्तमानकाळातही तसंच आणि भूतकाळातही तसंच. 'आपण ठरवतो' आणि 'आपण ठरवलं' दोन्ही. वाक्यात 'आयेर', म्हणजे काल, असलं तर प्रश्न नाही. नसलं तर पुढे काय येतं ते ऐका. 'एन के केदामोस?' हा प्रश्न दोन सुरांत येतो. शांत सुरात तो 'मग नक्की काय ठरलं?' असा असतो. पण कोणी दर वेळी वेगळं सांगत असेल आणि त्यावर हाच प्रश्न चढ्या आवाजात आला, तर तो 'आधी असं म्हणालात, आता तसं, नक्की काय?' असा जाब असतो. आणि याच्यात एक छोटा 'नोस' घातला की पार वेगळं होतं. 'एन के नोस केदामोस?' म्हणजे मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो? शिक्षक तास सुरू करताना हे विचारतात.

आश्वासनालाही हेच क्रियापद. 'केदोऽ एन यामार', फोन करतो असं त्याने कबूल केलं होतं. मेक्सिकोत आणि इतरही अनेक देशांत 'केदोऽ दे यामार' म्हणतात. दोन्ही बरोबर. ज्या देशाशी काम आहे तिथलं उचला. या वाक्यात एक सूचना दडलेली असते, की अजून फोन आलेला नाही. मराठीतही 'तो फोन करणार होता' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

'केदार ब्येन' आणि 'केदार माल' यांच्याबद्दल पुस्तकांत एखादी ओळ असते. खरं तर स्पॅनिश माणसं कशी वागतात हे समजायला याहून उपयोगी जोडी मला माहीत नाही. 'केदार माल कोन आल्ग्येन' म्हणजे कुणाच्या नजरेत कमी ठरणं, कुणाकडे वाईट दिसणं. आपल्याकडे 'बरं दिसत नाही' हे वाक्य जिथे जिथे येतं, तिथे हे येतं. लग्नाला रिकाम्या हाताने गेलो तर बरं दिसणार नाही, आग्रह केला आणि दुसरा घास घेतला नाही तर बरं दिसणार नाही, मोठ्यांच्या आधी उठलो तर बरं दिसणार नाही. 'पोर नो केदार माल', वाईट दिसू नये म्हणून. लॅटिन अमेरिकेत माणसं अनेकदा स्पष्ट 'नाही' म्हणत नाहीत, त्यामागे हेच असतं. बोगोताहून 'हो, बघते, कळवते' असं उत्तर आलं आणि पुढे काहीच झालं नाही, तर तिने तुम्हाला फसवलं असं समजू नका. तोंडावर नकार देणं तिला 'केदार माल' वाटलं. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. आपणही 'बघू' म्हणतो. दुभाषा म्हणून मला बैठकीत अनेकदा शब्दांपेक्षा हे सांगावं लागलं आहे, आणि ते वेळेवर कळलं की दोन्हीकडची चिडचिड कमी होते.

स्वयंपाक आणि कोणतंही हाताने केलेलं काम यांच्यासाठी 'केदोऽ' इतकं नेमकं बसतं की त्याच्याशिवाय कौतुक करता येत नाही. 'ते केदोऽ रिकीसिमो', मस्त झालंय तुझ्या हातचं. स्पेनमध्ये 'ते आ केदादो ब्वेनीसिमो'. यातल्या 'ते'मुळे श्रेय करणाऱ्याला जातं. नुसतं 'एस्ता रीको' म्हटलं तर पदार्थ चविष्ट आहे एवढंच कळतं. हॉटेलात ते ठीक आहे, पण कुणाच्या घरी जेवायला गेलात तर 'ते केदोऽ' म्हणा. प्रेझेंटेशन, चित्र, शिवलेला कपडा, रंगवलेली भिंत, सगळ्यांना चालतं. 'कोमो केदोऽ?' म्हणजे कसं झालंय? सहकाऱ्याने फाइल पाठवून हे विचारलं तर तिला तुमचं मत हवं आहे.

सरकारी आणि कायद्याच्या भाषेत 'केदा' आणि मागून विशेषण आलं की ते वाक्य उच्चारताच गोष्ट घडते. 'केदा प्रोइबीदो फुमार', धूम्रपानास मनाई आहे. 'केदा आब्येर्ता ला सेस्योन', सभा सुरू झाल्याचे जाहीर करतो. 'केदा देतेनीदो', तुम्हाला अटक करण्यात येत आहे. मराठीतल्या 'करण्यात येत आहे'चा वजनदारपणा याच्यात आहे. बातम्यांत 'केदारोन एरीदोस' म्हणजे जखमी झाले, आणि खेळाच्या पानावर 'केदोऽ सेगून्दो' म्हणजे दुसरा आला. एवढं पुरे.

काही प्रयोग एकाच देशात चालतात, त्यांची ओळख असू द्या पण स्वतः वापरायची घाई करू नका. स्पेनमध्ये 'ते एस्तास केदान्दो कोन्मीगो?' म्हणजे माझी थट्टा करतोयस का? बोगोतात हे म्हटलंत तर समोरची व्यक्ती गोंधळून जाईल. चिलीत 'केदोऽ ला एस्कोबा' म्हणजे सगळा गोंधळ उडाला, शब्दशः 'झाडू राहिला'. तो झाडू कोलंबियात चालत नाही.

शेवटी तुमच्या मेलचं. 'केदो आतेन्ता आ सुस कोमेन्तार्योस' हे कोलंबियातल्या ऑफिसांतलं अगदी नेहमीचं शेवटचं वाक्य आहे. अर्थ, तुमच्या उत्तराकडे माझं लक्ष आहे, कळवा. लिहिणारा पुरुष असेल तर 'आतेन्तो', बाई असेल तर 'आतेन्ता'. हे ज्याचं त्याने बघायचं, समोरचा कोण आहे त्याच्याशी संबंध नाही. आमच्याकडचे बरेच पुरुष क्लायंटच्या मेलमधून 'आतेन्ता' तसंच उचलून चिकटवतात. 'केदो आतेन्ता'त घाई करण्याची सूचना नाही. आपल्या जुन्या पत्रांतल्या 'उत्तराच्या प्रतीक्षेत' इतकंच ते सौम्य आहे. त्यामुळे प्रत्येक 'केदो आतेन्ता'ला त्याच तासात उत्तर देण्याची धडपड नको, पण उत्तर द्यायला मात्र हवं, कारण तिने चेंडू तुमच्याकडे दिला आहे हे त्यातून तिने सांगितलेलं असतं. स्पेनच्या मंडळींना लिहिताना 'केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्प्वेस्ता' लिहा, तिकडे हे जास्त रुळलेलं आहे. आणि काम तुमच्याकडेच बाकी असेल, फक्त मिळाल्याची पोच द्यायची असेल, तर 'केदो पेन्द्येन्ते' लिहू नका. त्याचा अर्थ 'मी वाट पाहतोय, लक्ष ठेवून आहे' असा होतो आणि क्लायंट समजेल की तुम्हाला तिच्याकडून काही हवं आहे. तिथे 'रेसिबीदो, ग्रासियास' आणि काम कधी पूर्ण होईल ती तारीख, एवढं पुरतं.